तिकीट काढून शेवाळ

मला शेवाळाची किळस आहे, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी पुण्याला मागच्या अंगणात पावसाळ्यात हिरवा थर धरला, की आई माझ्या हातात खराटा आणि ब्लीचिंग पावडरचा डबा द्यायची. जिच्या मोरीत शेवाळ ती बाई आळशी, एवढं तिचं साधं शास्त्र होतं. पुढे मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून मी बॉटनी घेतली, पण शेवाळाचा धडा तेव्हाही तोंड वाकडं करूनच उरकला. आणि नशीब बघा, नव्वदच्या दशकात सिंगापूरला आल्यावर मला नोकरी लागली ती शेवाळाची निगा राखायची.

एका शॉपिंग सेंटरच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एका कंपनीनं थंड जंगल उभं केलं होतं. गरम वर्षावन सिंगापुरात फुकट मिळतं. बुकित तिमाच्या रानात जा आणि हवं तेवढं घामाघूम व्हा. म्हणून या लोकांनी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं वर्षावन काचेआड आणलं आणि दाराशी तिकीटखिडकी आणि भाड्याची जाकिटं ठेवली. त्या जंगलात कडाक्याची थंडी नसते आणि ऊनही नसतं. समुद्रावरून धुकं येतं, झाडांना अडकतं आणि ठिबकत राहतं. आपल्याकडे पाऊस येतो आणि जातो. तिथे तो बिऱ्हाड करून राहतो. कुठली वस्तू म्हणून कधी सुकत नाही.

त्या जंगलाला थंड ठेवायचं काम माझ्या नवऱ्याचं होतं. तो जहाजावरचा इंजिनीयर, मासे आणि मटण गोठवणारी यंत्रं सांभाळण्यात त्याची दहा-बारा वर्षं गेलेली. बोटीवरून उतरून जमिनीवर नोकरी मिळावी म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो, तेव्हा ही मिळाली. पण कंपनीनं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की करार एका वर्षाचा. वर्षभर जंगल जगलं तर नोकरी कायम, नाही तर राम राम. राम राम म्हणजे पुन्हा बोट, हे सांगायची गरज नव्हती. आमची लेक तेव्हा पहिलीत होती आणि शाळेत बापाचं चित्र काढायला सांगितलं की ती बोट काढून मोकळी व्हायची.

सासूबाईंचा जीव तर नुसता त्या करारात अडकला होता. सासरे जन्मभर बोटीवर. वर्षातून दोन महिने घरी, तेही पाहुण्यासारखे. पोरं त्यांना बघून आत पळायची. रिटायर होऊन घरी आले आणि वर्षाच्या आत गेले. त्यामुळे मुलगा बोटीवर लागला तेव्हा या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. आता तो जमिनीवर आला म्हटल्यावर त्या रत्नागिरीहून लोणच्याच्या बरण्या आणि पापडांचे डबे घेऊन आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिल्या.

पहिल्यांदा आम्ही त्यांना जंगल दाखवायला नेलं तेव्हा त्या दाराशीच थबकल्या. आत काय काय आहे ते नवऱ्यानं मोठ्या हौसेनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेजारच्या बाईला भाजीचा भाव विचारावा तशा सुरात मला विचारलं, "तिकीट काढून शेवाळ बघतात?"

मला त्या क्षणी त्या फार आवडल्या.

पण आत गेल्यावर त्या पाघळल्या. सिंगापूरच्या उकाड्यानं त्यांच्या अंगावर घामोळं उठलं होतं, रात्रंदिवस पंख्याखाली बसून त्या "जीव नको झालाय गं" म्हणायच्या. इथे गार धुकं अंगावर आलं आणि बाई लाकडी बाकावर शाल पांघरून अशा बसल्या की उठायला तयार नाहीत. मला म्हणाल्या, श्रावणात आमच्या परसात अस्संच असतं. मी म्हटलं, तुमच्या परसात निदान अळू तरी उगवतं.

शनिवारी लेकीची शाळा नसायची, म्हणून त्या दिवशी आमची सगळी वरात बसनं तिकडे जायची. उघडायच्या आधी मी आतली साफसफाई करायची, नवरा यंत्रं बघायचा, लेक काचेला नाक लावून उभी राहायची आणि सासूबाई बाकावर. लेकीला जंगल दाखवलं की ती एकच वाक्य म्हणायची, "यकी ला, आई," म्हणजे शी, किती घाण. शाळेत शिकलेलं सगळं इंग्रजी एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. माझीच मुलगी, दुसरं काय.

साफसफाई म्हणजे काय, तर साफ करायचं नाही. हे मला शिकायला फार जड गेलं. जंगलाच्या मधोमध एक आडवा पडलेला, कुजलेला ओंडका होता. बाकीचे मोठे बुंधे सिमेंटचे, वर रंग दिलेले. हा मात्र खरा, पेटीत घालून आणलेला. त्या जंगलात म्हणे झाड पडलं की शेकडो वर्षं कुजत पडतं आणि त्याच्या अंगावर नवीन रोपं उगवतात, कारण खाली जमिनीवर शेवाळाचा एवढा जाड गालिचा असतो की बी मातीपर्यंत पोचतच नाही. आमच्याही ओंडक्यावर हेमलॉक नावाच्या सुरूसारख्या झाडाची बोटभर उंचीची रोपं रांगेत उभी होती. शाळांच्या सहली आल्या की मी मुलांना हे सांगायची आणि मनात म्हणायची, शी, बोट लावलं तर भुसभुशीत आत जातं, आणि वास गोणपाट आठवडाभर भिजत ठेवल्यासारखा. अळंबी तर कुठेही यायच्या, अगदी बाकाच्या पायाला सुद्धा. एकदा माझ्या स्वेटरच्या खिशात विसरलेल्या पेपर नॅपकिनवर बुरशीची केसाळ पिवळी चादर आली होती, ती हाताला लागल्यावर मी किंचाळले होते. तो स्वेटर मी कचऱ्यात टाकला.

फांद्यांवरून राखाडी दाढ्या लोंबायच्या. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, हे तर दगडफूल, गोड्या मसाल्यात घालतात ते. खरंच त्याच्याच गोतातलं. त्यांनी पदराआड मूठभर घेतलंही असतं, मी हात धरला म्हणून राहिलं. त्यानंतर महिनाभर मला आमटी गिळवत नव्हती.

आणि गोगलगायी. देवा. त्या रानात बिनशंखाच्या गोगलगायी असतात, वीतभर लांब, पिकल्या केळ्याच्या रंगाच्या, अंगावर काळे डाग. रीतसर परवानगी काढून आमच्याकडे आणल्या होत्या, आणि लोक त्याच बघायला यायचे. कुजलेलं पान खातात, अळंबी खातात, एकमेकींच्या अंगावरून जातात, आणि मागे चमकणारा चिकट रस्ता ठेवतात. तो चिकटा हाताला लागला आणि तुम्ही हात नळाखाली धरलात की तो फुगतो, जातच नाही. आधी कोरड्या फडक्यानं रगडून काढायचा असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी मी बेसिनशी उभी राहून रडकुंडीला आले होते. घरी येऊन त्याच हातानं कणीक मळायची म्हणजे शिक्षाच. मी आधी लिंबानं हात चोळायची, मग साबणानं, मग पुन्हा लिंबानं.

सालामँडर त्या मानानं लाजरे. पाल आणि बेडूक यांच्या मधलं काहीतरी, ओल्या सालीखाली दडून बसायचे. त्यांना फुफ्फुसं नसतात, ते कातडीनं श्वास घेतात, आणि म्हणून कातडी सतत ओली लागते. शेवाळाचंही तेच. त्याला खरी मुळं नसतात, वरून पडेल ते पाणी ते पानांनीच पितं. थोडक्यात, त्या जंगलातल्या सगळ्यांचा जीव अंगाबाहेर. जे अंगावर पडेल ते थेट आत. मुलांना हे मी रोज सांगायची, पोपटासारखं.

म्हणून पाणी हा नवऱ्याचा जीव की प्राण झाला होता. नळाचं पाणी आधी क्षार काढणाऱ्या सॉफ्टनरमधून जाऊन मऊ व्हायचं, मग गाळून मागच्या खोलीतल्या एका छोट्या टाकीत यायचं, आणि तिथून बारीक नोझलमधून धुकं होऊन जंगलभर पडायचं. खाली पडलेलं पाणी गोळा होऊन, गाळून, पुन्हा त्याच टाकीत. त्यानं आईला ती टाकी दाखवली होती. म्हणाला, आई, इथून सगळ्या जंगलाला पाणी जातं, हीच आपली गंगा. त्या कौतुकानं टाकीत वाकून बघत होत्या. मुलगा आपल्याशी इतकं बोलतोय याचंच त्यांना जास्त कौतुक होतं, आणि का नसावं? सासऱ्यांनी जन्मात त्यांना बोटीतलं एक चाक दाखवलं नव्हतं.

जंगलाचं नाव झालं. मराठी मंडळातल्या बायका मुलांना घेऊन आल्या, तिथे जाकिटात कुडकुडत उभ्या राहून म्हणाल्या, काय बाई तुमच्या मुलानं केलंय, आमच्या ह्यांना तर घरचा फ्रीज दुरुस्त करता येत नाही. सासूबाई हसत होत्या, पण मी बघितलं, पदराआड त्या बोटं मोडत होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, फार बोलल्या त्या, इतकं बोलू नये.

त्यानंतरच्या शनिवारपासून त्या बाकावरून उठून मागच्या बाजूला एक फेरी मारायला लागल्या. ओठ पुटपुटत असायचे. मला वाटलं, स्तोत्र म्हणताहेत. थंडीत तेवढंच अंग गरम राहतं. मी माझ्या कामात, चिमट्यानं गोगलगायींची विष्ठा उचलण्यात.

वर्ष संपायला दोन-तीन महिने राहिले असतील, तेव्हा शेवाळाचे शेंडे तपकिरी पडायला लागले. आधी मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. निदान रंग तरी बदलला. मग नेच्यांची पानं कडेनं करपली. हेमलॉकची रोपं माना टाकून बसली. नवऱ्यानं थंडावा तपासला, पंखे तपासले, दिवे बदलले. जेवताना घास हातात धरून तो भिंतीकडे बघत राहायचा. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली हो. मी म्हटलं, आई, शेवाळाला कसली नजर लागते.

मग एका सकाळी मी आत गेले आणि वासानंच पाय मागे आला. तोपर्यंत ज्या वासाला मी नावं ठेवत होते तो वास बरा म्हणायचा. गोगलगायी आकसून बोटाएवढ्या झाल्या होत्या, प्रत्येकीच्या भोवती पिवळसर फेसाचं थारोळं, काही अजून वळवळत होत्या. सालामँडर सालीखालून बाहेर येऊन उघड्यावर पडले होते. जो प्राणी कधी दिसायचा नाही तो असा पोट वर करून. मी ते सगळं चिमट्यानं प्लास्टिकच्या पिशवीत भरलं. पिशवीला आतून चिकटा सुटला आणि ती जड झाली. दोनदा बाहेर जाऊन ओकले. लोक म्हणतात मेलेल्याची दया येते. मला आधी शिसारी आली, दया नंतर घरी, आणि तीही चिडूनच.

मॅनेजर चांगला माणूस होता, पण चांगल्या माणसालाही वर उत्तर द्यावं लागतं. पाणी तपासायला दिलं, आणि पाण्यात मीठ निघालं. तिथेच सगळं संपलं. कारण सॉफ्टनरला मीठ लागतं, गोणीनं लागतं, ते नवऱ्याच्या ताब्यात, त्यानंच भरायचं आणि यंत्रही त्यानंच धुवायचं. त्यांचं म्हणणं असं की झडप नीट बसली नाही आणि खारं पाणी टाकीत उतरलं. नवरा आधी भांडला. मग त्यानं सॉफ्टनर सगळा खोलला, प्रत्येक रबर हातात घेऊन बघितला, काही सापडलं नाही, आणि त्यानंतर त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. दहा-बारा वर्षं भर समुद्रात यंत्रं चालवलेला माणूस मला विचारत होता, मी झडप बंद केली होती ना, तू होतीस ना तिथे. तो चेहरा बघवत नव्हता. त्या सॉफ्टनरला मी लाथ घातली, आणि नख दुखावून घेतलं.

जंगल बंद करून सामान उतरवायचं ठरलं. नोझल काढून धुवायचं काम माझ्याकडे. बरीचशी तुंबली होती. एकाच्या आतली जाळी काढून मी तळहातावर आपटली आणि त्यातून चिकट गाळाबरोबर काळे, गोल, बारीक दाणे पडले. मी ते नळाखाली धरले. एक दाणा नखानं फोडला आणि दाताखाली धरला.

मोहरी होती.

एखाद्या चिनी किंवा मलय माणसाला ते दाणे दिसले असते तर त्यानं बी समजून टाकून दिले असते. मॅनेजरला दाखवले असते तर त्यानं कुठल्या झाडाचं म्हणून विचारलं असतं. पण ज्या बाईच्या घरी मीठ-मोहऱ्यांची मूठ उतरवतात तिला आणखी काय सांगायचं? दर शनिवारी, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, चिन्यामलयांची, कुणाची लागली असेल ती. सासूबाई घरी असत्या तर मूठ गॅसवर टाकली असती. इथे विस्तव कुठला? म्हणून लेकाच्या गंगेत. मूठभर मीठ, आणि पुढच्या शनिवारी मूठभर, आणि पाणी तेच तेच फिरणारं. पाणी हवेत उडून जात होतं आणि मीठ मागे राहून साचत होतं.

मला भयंकर संताप आला. बाईचा, मीठ-मोहरीचा, मंडळातल्या त्या जिभांचा, सगळ्याचाच. मी दाणे रुमालात बांधले आणि मशीनच्या खोलीत जाऊन नवऱ्याच्या हातात ठेवले. म्हटलं, तुझी झडप ठीक होती. ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. तो खाली टाकीच्या कट्ट्यावर बसला. पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काय आलं असेल, तर सुटका. आपण चुकलो नव्हतो ही. मग दुसरं सगळं आलं.

मी म्हटलं, चल, आत्ता मॅनेजरला सांगू. तो म्हणाला, काय सांगू, बाहेरच्या माणसाला मशीनच्या खोलीत मोकळं सोडलं होतं म्हणून? ते तर झडपेपेक्षा वाईट. हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला जास्तच राग आला. मग मी म्हटलं, निदान आईंना तरी कळू दे. घरभर मीठ-मोहऱ्या ओवाळत फिरतात, जरा कळू दे काय केलं ते.

त्यानं रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि म्हणाला, "आईला कळता कामा नये. ती मरेल गं."

पण त्याच्या चांगुलपणाचाही मला उबग आला, हे लिहूनच ठेवते. हा आता झडपेचा दोष स्वतःच्या माथ्यावर घेणार, पुन्हा समुद्रावर जाणार, आणि माझी लेक पुन्हा बोटीचं चित्र काढणार, आणि घरात ज्या बाईमुळे हे झालं ती मला विचारणार, अगं आज आमटीत गूळ जास्त झाला का. आणि मी म्हणणार, नाही आई, बरोबर आहे. तसंच झालं. अगदी तसंच. मॅनेजरनं चुकीच्या कबुलीवर सही मागितली, यानं केली, आणि जुन्या बोटीच्या कंपनीनं विचारल्याबरोबर त्याला परत घेतलं. शिकलेला इंजिनीयर कुणाला नको असतो.

सासूबाई त्या दिवसांत जेवायचं म्हणून जेवत होत्या. नातीला जवळ घेऊन खिडकीशी बसायच्या. मी त्यांच्यासमोर ताट ठेवताना आवाज न करता ठेवायची, नाही तर आपटलंच असतं. त्यांची वयस्कर, मऊ, सुरकुतलेली बोटं ताटात फिरताना दिसली की मी तोंड फिरवायची, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची, आणि मग त्या लाजेचाही राग. हे असं रोज.

जायच्या दिवशी बॅग दाराशी होती. टॅक्सीला अजून वेळ होता. सासूबाईंनी त्याला स्टुलावर पूर्वेला तोंड करून बसवलं. कोकणातल्या त्यांच्या घरातून कितीदा कोण बोटीवर निघालं असेल. हातांना सगळं पाठ होतं.

"मीठ आण गं," त्या मला म्हणाल्या. "आणि मोहरी."

मी स्वयंपाकघरात गेले. मिठाच्या बरणीत हात घातला तेव्हा बोटांना त्या पिशवीचा चिकटा आठवला, अगदी खरा, लिंबानं न जाणारा. मूठ भरली, वर मोहरी घातली, आणून त्यांच्या हातात दिली. नवरा खाली लादीकडे बघत बसला होता. त्या मूठ त्याच्यावरून उतरवत होत्या, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, आणि उतरवता उतरवताच त्यांचा आवाज फुटला.

"मेलं त्या शेवाळाची काढत बसले दर शनिवारी," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या लेकाची राहूनच गेली."

त्यानं फक्त त्यांचा दुसरा हात धरला आणि धरूनच ठेवला. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. त्याची नजर वर आली आणि मी ते मिटलं.

त्यांनी मूठ माझ्या हातात रिकामी केली आणि गॅसवर टाकायला सांगितली. मी बर्नर मोठा केला आणि टाकली. मोहरी खूप तडतडली, शेगडीबाहेर ओट्यावर उडाली.

"बघ," बाहेरून त्या म्हणाल्या, "केवढी लागली होती."

मी हो म्हणाले, आणि ओटा पुसायला घेतला.